रिकाम्या जागेतली सुपारी

१. क्रम गेला

चोरी झाली की काहीतरी दिसेनासं होतं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्या सोमवारी सकाळी बेंगळूरच्या चिकपेटमागच्या गल्लीतल्या मराठी वाचनमंदिराचं कुलूप उघडून आम्ही आत गेलो, तेव्हा कपाटं भरलेली होती, पंखा जागेवर होता, संगणक जागेवर होता, आणि तरीही शाल्मली दारातच मटकन खाली बसली.

"अजित, कुणीतरी माझा क्रम नेला," ती म्हणाली.

शाल्मली माझी बायको. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत चांगली टीम लीड होती. एके दिवशी तिला साक्षात्कार झाला की आपल्याला कोड नाही, पुस्तकं लावायची आहेत. तिने नोकरी सोडली आणि ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. "पुस्तकं लावायला डिग्री लागते?" असं विचारून पुण्याच्या नातेवाइकांनी तिला भंडावून सोडलं. मी उघडपणे तिच्या बाजूने भांडलो, पण मनातल्या मनात मीही तेच विचारत होतो. शाळा सुटल्यापासून मी एकही पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. माझा वाचनाशी संबंध एवढाच, की मी वाचणाऱ्या बाईला स्कूटरवरून सोडायला जातो.

पदवीसाठी शेवटी एक खरंखुरं ग्रंथालय लावून दाखवावं लागतं. शाल्मलीने हे वाचनमंदिर निवडलं. छपराच्या दुरुस्तीसाठी इथली सगळी पुस्तकं पोत्यांत भरून गोदामात पडली होती. तिने पोती सोडली, प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे क्रमांक दिला, तो कण्यावर चिकटवला, संगणकात नोंद केली आणि क्रमांकाप्रमाणे तीन भिंती भरून काढल्या. त्यावर जाडजूड प्रबंध लिहिला. आता मंगळवारी धारवाडहून बाहेरचे परीक्षक येणार होते. ते कुठल्याही पुस्तकाचं नाव घेणार आणि तिने ते जागेवरून काढून द्यायचं. जमलं तर पदवी, नाहीतर पुन्हा एक वर्ष. आणि पुन्हा एक वर्ष ती करणार नव्हती. तिने ते मला रात्री जेवताना सांगून टाकलं होतं, वरणभात ढवळत, न रडता.

आणि आज स्वयंपाकाच्या पुस्तकांतलं एक आकाशदर्शनाच्या कपाटात होतं. कायद्याच्या पुस्तकाला नाटक टेकलं होतं. तिन्ही भिंतींवर एकही क्रमांक आपल्या जागी नव्हता.

माझं डोकं फिरलं. बाहेरच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचायला नेहमीची वयस्कर मंडळी जमली होती, आमच्याकडेच बघत होती. मी दारात उभा राहून गल्ली दणाणून सोडली. "कोणी केली ही नासधूस? एकेकाला पोलिसांत देईन!" मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, पेपरच्या घड्या घातल्या आणि एकेक करून पाय काढला.

आत शाल्मली मधल्या भिंतीसमोर उभी होती. सगळी कपाटं गच्च भरलेली, पण तिथे, अगदी डोळ्यांच्या उंचीला, दोन पुस्तकांमध्ये एक फट होती. तीन बोटं रुंद.

"एक पुस्तक गेलंय," मी म्हणालो.

"नुसतं गेलं नाही. आत बघ."

मी वाकून पाहिलं. फटीत एक सुपारी ठेवली होती. अख्खी. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

२. राग आलेला माणूस काच पुसत नाही

"करणी!" मी फोनवर ओरडलो.

"ओरडू नकोस रे. आणि हात लावू नकोस. येते मी," पलीकडून महानंदाअक्का म्हणाल्या.

महानंदाअक्का म्हणजे आमच्या इंदिरानगरच्या घरमालकीण. पिढ्यान् पिढ्या बेंगळूरमध्ये राहिलेलं मराठी घराणं. पोलीस खात्यात बोटांच्या ठशांच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या. आता भाडेकरूंनी गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून कोणाचं काय बिनसलंय ते ओळखतात, आणि दुर्दैवाने बरोबर ओळखतात.

अक्का आल्या, चपला बाहेर काढल्या, आणि मी सांगत असलेल्या एकाही शब्दाकडे लक्ष न देता हॉलभर फिरल्या.

"ठसे घेणार?" मी विचारलं.

"वाचनालयात? एकेका पुस्तकावर सगळ्या गावाची बोटं असतात, बाबा." त्यांनी कपाटाच्या काचेवर नाक टेकवल्यासारखं केलं. "शाल्मली, काच कधी पुसलीस तू?"

"पुसलीच नाही. आज पुसणार होते."

"कुणीतरी पुसलीये. झाडूही मारलाय. आणि हे बघ." खुर्चीखालून त्यांनी अबोलीचं एक सुकलेलं फूल उचललं. "पुस्तकं बघ कशी काठाला काठ लावून ठेवलीत. ज्याला तुझं वाटोळं करायचंय, तो ढीग करून जाईल. राग आलेला माणूस काच पुसत नाही."

"पण पुस्तक चोरलंय ना!"

"ते मोजून सांग. सुम्ने, उगाच बोलू नको."

शाल्मलीने संगणक उघडला. मी भिंतीवरून नावं वाचत गेलो, ती खुणा करत गेली. मध्येच मी दमून बसलो, अक्कांनी आणवलेली कॉफी प्यालो, पुन्हा उठलो. शेवटचं कपाट संपलं तेव्हा शाल्मलीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सगळी आहेत. एकही पुस्तक कमी नाही."

"मग फट कशाची?"

अक्का सुपारीकडे बघत उभ्या होत्या. "लिंबू नाही, मिरची नाही, टाचणी नाही. करणी करणारा इतका कंजूष नसतो. ही फट चोरी झाल्यावर राहिलेली नाही, अजित. ही कुणीतरी मुद्दाम ठेवलीये. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?"

३. तीन किल्ल्या

किल्ल्या तीन होत्या.

पहिली शाल्मलीकडे. पण शनिवारी ती किल्ली तिचा वर्गमित्र प्रवीणकुमार घेऊन गेला होता, "तुझ्या लायब्ररीचे फोटो काढतो" म्हणून. प्रवीणकुमार निपाणीचा. वर्गात पहिला कोण, यावरून त्याची आणि शाल्मलीची दोन वर्षं चुरस होती. माझ्या मते प्रकरण इथेच संपत होतं. त्याला बोलावलं तेव्हा तो हेल्मेट हातात घेऊनच धावत आला आणि भिंत बघून त्याचा चेहरा पडला. गुन्हेगार असेच चेहरे पाडतात, असं मी अक्कांच्या कानात सांगितलं.

"मी शनिवारीच किल्ली परत दिली की," तो म्हणाला. "आणि वैनी, तुमचं बघून मी माझ्या प्रोजेक्टात दोन गोष्टी सुधारल्या, ते खरं. पण हे? असलं पाप मी करीन होय?"

दुसरी किल्ली गुंडूरावांकडे. वाचनमंदिराचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी, आणि पुस्तकांचे जाहीर शत्रू. "आजकाल कोण वाचतं हो? हॉल मोकळा केला तर गणपतीच्या नाटकाची तालीम तरी होईल," हे त्यांचं प्रत्येक सभेतलं भाषण. पोती त्यांच्याच गोदामात होती.

"रविवारी कुठे होतात, गुंडूअण्णा?" अक्कांनी विचारलं.

"दुकानात."

"रविवारी चिकपेटचं तुमचं दुकान बंद असतं."

"म्हणजे घरी." गुंडूरावांनी घाम पुसला. "अक्का, नोडी, बघा, मी एकटा होतो. कोणी बरोबर नव्हतं. कोणीच नव्हतं."

तिसरी किल्ली सुशीलाबाईंकडे. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांनी अधू. संसार सांभाळून त्यांनी जन्मभर हे वाचनमंदिर चालवलं, एक पैसा न घेता. केसांत रोज अबोलीचा गजरा. त्या गजऱ्याकडे माझं लक्ष गेलं आणि मी अक्कांना कोपर मारलं. अक्कांनी मला परत मारलं.

"सुशीलाबाई, ही पोरगी आली, तिने तुमची पुस्तकं आपल्या पद्धतीनं लावली. वाईट वाटलं?"

"छे! वाईट कशाला? शुक्रवारी तिनं आपलं लिहिलेलं पुस्तक आणलं होतं दाखवायला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं म्हणे. मला दिसत नाही, म्हणून हातात घेऊन पाहिलं. तीन बोटं जाड आहे!" म्हातारीच्या आवाजात असा अभिमान होता की मलाच लाजल्यासारखं झालं. "एवढं लिहिलं पोरीनं आमच्या वाचनालयावर."

"आधी इथे पुस्तकं लावायची काय पद्धत होती?"

"मीही तेच विचारलं होतं, अक्का, पहिल्याच दिवशी," शाल्मली म्हणाली. "पद्धत नव्हतीच. 'पद्धत कसली गं, जो तो आपलं ठेवतो,' असं म्हणाल्या होत्या."

सुशीलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रविवारी इथे आला होतात?"

"मला एकटीला ओट्याच्या पायऱ्या चढवत नाहीत हो," सुशीलाबाई म्हणाल्या. ते खरंही होतं.

अक्का उठल्या. "सरी, ठीक आहे. सगळ्यांनी स्वल्प वेळ बाहेर बसा. एकेकाला आत बोलावीन." मग त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, सापांवरचं, आणि आजूबाजूची पुस्तकं सरकवून त्याची जागा बुजवून टाकली. "शाल्मली, तू आणि तुझा हा बोंबल्या नवरा कोपऱ्यातल्या पडद्यामागे उभे राहा. आणि तोंड मिटून बघा."

४. एक पुस्तक, तीन माणसं

आधी प्रवीणकुमार आला. अक्कांनी त्याच्या हातात पुस्तक दिलं. "हे आत ठेव रे बाळा."

त्याने पुस्तक आडवं धरलं, कण्यावरचा क्रमांक वाचला आणि पाचशेच्या घरातली, म्हणजे विज्ञानाची, पुस्तकं शोधायला लागला. एका कपाटासमोरून दुसऱ्यासमोर गेला, खाली वाकला, वर चवड्यांवर उभा राहिला. "अक्का, कुठं ठेवू? आजूबाजूचे नंबरच नाहीत इथं." अक्कांनी पुस्तक परत घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं.

मग गुंडूराव. अक्कांनी त्यांना पुस्तकाबद्दल काही विचारलंच नाही. नाटकाच्या तालमीबद्दल विचारलं. गुंडूराव रंगात आले, हातवारे करू लागले. बोलता बोलता अक्कांनी पुस्तक त्यांच्या हातात सारलं. "हे तेवढं ठेवा हो." गुंडूरावांनी कव्हरावर एक नजर टाकली, "आणि रंगमंच पूर्वेकडे घेतला ना, तर," असं म्हणत दुसऱ्या भिंतीकडे गेले, विहिरी खणण्याच्या एका जुन्या पुस्तकाला बोटाने बाजूला सारलं आणि त्याच्या नि भुताखेतांच्या गोष्टींच्या मध्ये सापांचं पुस्तक सरकवून दिलं. बोलणं त्यांनी थांबवलंसुद्धा नाही.

ते पुस्तक तिथूनच काढलेलं होतं. शाल्मलीने माझा दंड घट्ट धरला.

अक्कांनी ते पुन्हा काढलं, जागा पुन्हा बुजवली आणि सुशीलाबाईंना हाताला धरून आत आणलं. म्हातारीने पुस्तकाच्या कव्हरावरून तळवा फिरवला, कोपऱ्यातला एक फाटका तुकडा चाचपला, आणि हसली. मग भिंतीला हात लावत लावत चालत गेली. कण्यांवरून तिची बोटं फिरत होती. विहिरीपाशी ती थांबली. पुस्तक आत गेलं.

ज्या गृहस्थांना पुस्तकं नकोत आणि ज्या बाईंना डोळे नाहीत, त्या दोघांनी तिन्ही भिंतींतून तीच एक जागा काढली होती.

"या बाहेर," अक्का पडद्याकडे बघून म्हणाल्या. "क्रम कोणी नेला ते कळलं. आणि कोणी नेलाच नाही, तेही."

५. पंगत

"गुंडूअण्णा, सापाच्या शेजारी विहीर का?" अक्कांनी विचारलं.

गुंडूराव चरकले. त्यांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. मग चोरी करताना पकडलेल्या मुलासारखे म्हणाले, "विहीर खणताना पहिलं काय निघतं? सापच की. तेवीस-चोवीस वर्षांचा असेन, विहिरीचं वाचलं आणि मला सापाचं वाचावंसं वाटलं. म्हणून ठेवलं."

"आणि भुतं?"

"ते नानांनी लावलं. माझ्या शेजारच्या. रात्री दोरीला साप समजतो तोच भूतही बघतो म्हणाले. मला पटलं. राहू दिलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वाचनमंदिर सुरू झालं तेव्हा इथे शिकलेला ग्रंथपाल नव्हता. पहिल्या मंडळींनी एक रीत घालून दिली. पुस्तक वाचून झालं की परत आणायचं आणि आपल्याच हाताने ठेवायचं, ते वाचून ज्याची आठवण झाली त्या पुस्तकाच्या शेजारी. दुसऱ्याला पटलं नाही तर त्याने हलवावं. पण वाचल्याशिवाय हलवायचं नाही. त्या रीतीने आजोबांनी ठेवलेलं पुस्तक नातवाने हलवलं होतं, सासूचं सुनेने. इथल्या प्रत्येक पुस्तकाचे शेजारी कुणीतरी वाचून, विचार करून ठरवले होते.

मी त्या भिंतींकडे वळून पाहिलं. स्वयंपाक आणि तारे. कायदा आणि नाटक. मला वाटलं होतं नासधूस झालीये. आणि समोर एका अख्ख्या वस्तीचं, तीन पिढ्यांचं मन उभं होतं, ओळीने, काठाला काठ लावून.

"म्हणजे मी आल्यावर," शाल्मली हळूच म्हणाली, "पुस्तकं पोत्यांत होती. मी हे कधी पाहिलंच नाही. पण माझे नंबर तरी दिसत होते ना तुम्हाला?"

"दिसत होते की," गुंडूराव म्हणाले. "छान केलंस म्हटलं, प्रत्येकाला नंबर दिलास. पण नंबर प्रत्येक माणसालाही असतो ना, रेशन कार्डावर? म्हणून पंगतीत माणसं नंबरानं बसतात काय? कुणाचं कुणाशी जमतं ते बघून बसवतात. आम्हाला वाटलं, चिकटवण्यापुरती तू कुठंही ठेवलीस. लावायची राहिलीत."

"आणि मग तू सांगितलंस की परीक्षक येणार," अक्कांनी शाल्मलीला म्हटलं. "घरात मुलगी बघायला येणार म्हटल्यावर आळीतल्या बायका काय करतात? पडदे धुतात, कप आणून देतात. रविवारी तुझी ही सगळी मंडळी जमली. सुशीलाबाईंना धरून वर आणलं. झाडलं, पुसलं, आणि तुझ्या परीक्षेआधी सगळी पुस्तकं आठवून आठवून लावून दिली. कागद नाही, काही नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पुस्तकाचे शेजारी लक्षात ठेवले होते."

"मग सकाळी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रवीणकुमारनेसुद्धा.

"सांगायलाच थांबले होते ना ओट्यावर," अक्का म्हणाल्या. "हिचं तोंड बघायला, आनंदानं कसं होतं ते. तू पोलीस काढलेस. मग म्हातारी माणसं घाबरली, आणि आपण पोरीचं काहीतरी वाईट करून बसलो एवढं त्यांना कळलं. प्रत्येकजण बाकीच्यांना वाचवायला लागला. 'मी एकटा होतो, कोणीच नव्हतं.' न विचारता कोण सांगतं असं?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मला हे आधी कळलं ते सुपारीवरून," अक्का म्हणाल्या. "पूजेला बायको हजर नसेल तर नवरा काय करतो? सुपारी लावतो. माणूस यायचाय, पण मान त्याचा आहे, म्हणून त्याच्या नावची सुपारी. शाल्मली, तुझा प्रबंध दे."

शाल्मलीने पिशवीतून काळ्या कव्हराचा प्रबंध काढला. अक्कांनी सुपारी उचलली आणि प्रबंध त्या फटीत सरकवला. तो चपखल बसला. वर नाही, खाली नाही, इकडे तिकडे केसभर जागा नाही.

"तीन बोटं," सुशीलाबाई म्हणाल्या.

डाव्या बाजूला पंगतीच्या स्वयंपाकाचं पुस्तक होतं, कुणाला कुठे बसवायचं आणि पानात काय कुठे वाढायचं ते सांगणारं. उजव्या बाजूला ताऱ्यांची ओळख करून देणारं. "खाली माणसं आपल्या जागी, वर तारे आपल्या जागी. मध्ये तुझं शोभेल वाटलं," सुशीलाबाई म्हणाल्या. "पण तुझं पुस्तक आम्ही अजून वाचलेलं नाही गं. म्हणून नुसती सुपारी ठेवली. कोणी वाचलं की मग खरं ठरेल."

शाल्मली रडली. सकाळपासून पहिल्यांदा.

६. परीक्षक

मग गुंडूरावांनी बाह्या सरसावल्या. "रडू नको. अजून दिवस आहे. सगळ्यांना बोलावतो. तू नंबर सांग, आम्ही नंबरानं लावतो. संध्याकाळच्या आत."

ते करता आलं असतं. पदवी हातात आली असती. शाल्मलीने भिंतीजवळ जाऊन पुस्तकांच्या कण्यांवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. देवळात गाभाऱ्याशी पोचल्यावर माणसं जशी गप्प होतात, तशी ती होती.

"नाही," ती म्हणाली. "हे मी वाचल्याशिवाय एकदा हलवलंय. पुन्हा नाही. ही माणसं आहेत तोवरच हे आहे. नापास केलं तर करू देत."

मी तोंड उघडलं आणि अक्कांची नजर बघून मिटलं.

उरलेला दिवस आम्ही कामाला लागलो. शाल्मलीने संगणकात प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकापुढे त्याचं खरं ठिकाण घातलं, कुठली भिंत, कुठलं कपाट, कुठले शेजारी. प्रवीणकुमार कपाटापाशी उभा राहून वाचून दाखवत होता. वर्गात पहिलं येण्याची ज्याची चुरस, तोच घसा बसेपर्यंत तिच्यासाठी ओरडत होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि त्याला मसाला डोसा आणून दिला.

मंगळवारी दुपारी धारवाडहून डॉक्टर दयानंद आले. उंच, बारीक, चष्म्याआडून माणसाला चाळून बघणारे. त्यांनी एक नजर भिंतीवर टाकली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हे वर्गीकरण नाही."

"नाही सर," शाल्मली म्हणाली. "माझं वर्गीकरण संगणकात आहे. कपाटात वाचकांचं आहे. तुम्ही कुठलंही पुस्तक मागा, मी काढून देईन. पण एकासाठी दुसरं मोडायचा अधिकार मला नाही, असं मला वाटतं." आणि तिने रीत सांगितली.

त्यांनी एक पुस्तक मागितलं. तिने काढून दिलं. दुसरं मागितलं. तेही दिलं. तिसरं मधमाश्यांवरचं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, आणि जिथून निघालं तिथल्या शेजाऱ्याकडे त्यांची नजर गेली. एका तुरुंगातल्या आठवणींचं पुस्तक. "मधमाश्यांच्या शेजारी तुरुंग?" असं पुटपुटत त्यांनी तेही काढलं. उभ्यानेच चार पानं चाळली. मग स्टुलावर बसले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचायला लागले. गुंडूरावांनी आणलेला चहा थंड झाला. त्यांना परीक्षा घ्यायची आहे, याची आठवण द्यायचं धाडस कोणालाच होईना.

शेवटी त्यांनी मान वर केली. "कोठडीत याने पोळं पाहिलंय. खिडकीतून. रोज." ते कुणाशीच बोलत नव्हते. "एकवीस वर्षं शिकवतोय मी हा विषय. मधमाश्या वाचून झाल्यावर माणसाला काय लागेल, हे मला कुठलाच क्रमांक सांगू शकला नसता." मग ते उठले, दोन्ही पुस्तकं स्वतःच्या हाताने जागेवर ठेवली, आणि आठी घालूनच म्हणाले, "तुमच्या प्रबंधात एक प्रकरण कमी आहे, बाई. ते लिहून जोडा. बाकी उत्तम."

ओट्यावर पेपर वाचत बसलेल्या मंडळींच्या हातातले पेपर उलटे होते, हे मला तेव्हा दिसलं.

७. वाचलंस?

शाल्मलीला पदवी मिळाली. पहिला प्रवीणकुमार आला, ती दुसरी, आणि पेढे दोघांनी मिळून वाटले. नवीन प्रकरण जोडलेला प्रबंध बांधून आला त्या रविवारी आम्ही वाचनमंदिरात गेलो. मंडळी जमली होती. फट नव्या प्रकरणापुरती किंचित रुंद केलेली होती. सुपारी पुन्हा तिथे ठेवलेली होती.

शाल्मली प्रबंध ठेवायला पुढे झाली, तेव्हा सुशीलाबाईंनी तिला अडवलं. "लिहिणारीनं नाही ठेवायचं. वाचणाऱ्यानं. कोणी वाचलंय का हे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी घसा खाकरला.

"मी," मी म्हणालो.

शाल्मलीने चटकन वळून माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. ती आंघोळीला गेली की मी वाचायचो, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचायचो. अर्धं मला कळलं नाही. पण शेवटचं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यात गुंडूराव होते, नाना होते, साप आणि विहीर होती, सुशीलाबाईंची बोटं होती.

"शेवटपर्यंत?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"शेवटच्या पानापर्यंत."

"मग तू सांग. जागा पटते का? नाही पटली तर हलव, तुझा अधिकार आहे."

मी पंगतीकडे पाहिलं. ताऱ्यांकडे पाहिलं.

"पटते," मी म्हणालो, आणि सुपारी उचलून खिशात टाकली, आणि माझ्या बायकोचं पुस्तक तिच्या जागी ठेवलं. मग हात मागे घेता घेता शेजारचं ताऱ्यांचं पुस्तक काढून घेतलं.

"हे कुठे?" गुंडूरावांनी विचारलं.

"घरी नेतो," मी म्हणालो. "वाचून झालं की आणून ठेवीन."